पुसण्याआधी वाचा

ब्राउझर सारखा क्रॅश होऊ लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: काढून टाका आणि परत इन्स्टॉल करा. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यातून बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. फायरफॉक्सचंच पाहा. विंडोजवर तो अनइन्स्टॉल केला तरी बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि बदललेली सेटिंग्ज ज्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात, तो फोल्डर सहसा जागेवरच राहतो. नवा प्रोग्रॅम येऊन त्याच जुन्या प्रोफाइलवर बसतो आणि बिघाड प्रोफाइलमध्ये असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वैतागून सगळंच पुसलं जातं. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार आहे. कारण बंद पडताना ब्राउझर बऱ्याचदा स्वतःच पुरावा ठेवून जातो.

तो पुरावा पाहायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:क्रॅशेस’ हा पत्ता रोमन अक्षरांत टाकला की क्रॅशच्या अहवालांची यादी उघडते. पाठवलेल्या अहवालाचा क्रमांक ‘बीपी’ने सुरू होतो आणि त्याचे शेवटचे ६ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो क्रमांक उघडला की ‘सिग्नेचर’ नावाची एक ओळ दिसते: प्रोग्रॅम नेमका कुठे कोसळला, ते सांगणारी. ती ओळ समजली नाही तरी चालेल; चार अहवालांतल्या ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. दर वेळी तीच ओळ असेल, तर दोष एका ठिकाणी आहे: ब्राउझरच्या कोडमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा बाहेरून घुसलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये. दर वेळी ओळ वेगळी, तीही कशाचा कशाला मेळ नसलेली, असेल तर रॅमची चाचणी घ्यावी; तिथे ब्राउझर कितीदाही टाकला तरी फरक पडणार नाही.

पुरावा अपुरा पडला की वजाबाकी सुरू करावी, पण एका वेळी एकच बदल. शिफ्ट दाबून फायरफॉक्स सुरू केला की ट्रबलशूट मोडचा पर्याय येतो. तिथे क्रॅश थांबला की लोक लगेच म्हणतात, एक्स्टेन्शनचाच दोष. हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या मोडमध्ये एक्स्टेन्शनबरोबर थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद होतं, म्हणजे संशयित एक नसून किमान तीन आहेत. नेहमीच्या मोडमध्ये येऊन आधी फक्त हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करावं. तरी क्रॅश झाला तर निम्मी एक्स्टेन्शन बंद करून पाहावीत, मग उरलेल्यांतली निम्मी. शेवटी कोरं प्रोफाइल.

यावर पहिला आक्षेप असा की दोष आपल्या मशीनमध्ये नसेलच, तर ही सगळी मेहनत वाया. असं घडलेलं आहे. १० डिसेंबर २०१२ रोजी गूगलच्या सिंक सर्व्हरमधल्या गडबडीमुळे जगभर क्रोम क्रॅश होत होता. पण अशा वेळीही वजाबाकीच दिशा दाखवते: लॉग-इन न केलेलं कोरं प्रोफाइल नीट चालतं आणि लॉग-इन करताच क्रॅश होतं, तर बोट सिंककडेच जातं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोम ७८ आल्यावर सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शनची जुनी आवृत्ती असलेल्या काही विंडोज मशीनवर एकही पान उघडेना. क्रोमने आपल्या प्रक्रियेत शिरणाऱ्या परक्या कोडला अटकाव केला होता. तिथे क्रोम पुन्हा टाकून काहीच साधलं नसतं. अपडेट करायला हवं होतं सिमँटेक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अहवालात मेमरीतला मजकूर जाऊ शकतो, म्हणजे खासगी माहितीही. पानाचा पत्ता पाठवायचा की नाही हे आपल्या हातात असतं, पण तेवढ्याने धोका संपत नाही. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या मशीनवरून अहवाल न पाठवणंच योग्य. वजाबाकी तिथेही करता येते. तिसरा आक्षेप वेळेचा. परत इन्स्टॉल केल्याने कधी कधी खरंच काम भागतं, फाइल खराब झाली असेल किंवा नव्या आवृत्तीत बग दुरुस्त झाला असेल तर. मात्र कारण कळलेलं नसतं, म्हणून क्रॅश परतला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून मदत करणाऱ्याने ‘परत टाकून बघा’ म्हणण्याआधी ‘अहवालात काय आहे?’ एवढं विचारावंच. त्याला काही मिनिटं लागतात, आणि नेमकं कारण पाठवलेल्या अहवालातून कळलं तर दुरुस्ती सगळ्यांसाठी होते.