गोल्डन अवर आणि उत्तरेचा सूर्य

छायाचित्रकार ज्याला ‘गोल्डन अवर’ (सूर्य क्षितिजावर सुमारे ६ अंशांच्या आत असतानाचा मऊ, पिवळसर प्रकाश) म्हणतात, तो पृथ्वीवर सर्वत्र सारखाच वेळ टिकतो अशी समजूत दृढ आहे, आणि मुंबईच्या अक्षांशावर, जिथे तो सुमारे २५ मिनिटांत संपतो, तिचा पडताळा घेण्याचे कारणही सहसा पडत नाही. परंतु अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात, सुमारे ६३ उत्तर अक्षांशावर, सप्टेंबरातला सूर्य सरळ न बुडता तिरकस घसरत जातो. माळ्यावरून उभ्या शिडीने उतरणाऱ्यापेक्षा तेवढ्याच उंचीवरून लांब उतरणीने येणाऱ्याला जसा अधिक वेळ लागतो, तसा त्यालाही लागतो, आणि हाच प्रकाश तेथे जवळजवळ दुप्पट वेळ लाभतो. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या मुक्कामातही, शिंगांवरून मखमली सालीच्या चिंध्या लोंबत असलेला मूस (तिकडचे महाकाय हरीण) तांबड्या पडलेल्या खुरट्या झुडपांत दिसला, तर भिंग बदलण्याइतकी उसंत मिळते. मात्र सहलीची तजवीज ऑक्टोबरात करणे व्यर्थ होय: रंग ऑगस्टअखेर ते सप्टेंबरारंभी ऐन भरात असतात, खाजगी मोटारींना १५ मैलांपुढे एरवी मज्जाव असल्याने सारी भिस्त उद्यानातील बसवर, आणि ती बस सप्टेंबरच्या मध्यास बंद होते.