विटाळाविरुद्ध छापखाना
नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथे १८७९ मध्ये महार कुटुंबात जन्मलेले किसन फागूजी बनसोडे यांनी समाजसुधारणेसाठी स्वतःचा छापखाना उभारला. अस्पृश्यांची कैफियत दुसऱ्यांच्या पत्रांतून त्यांच्याच शब्दांत उमटणे त्या काळी कठीण होते. १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक' आणि १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' ही पत्रे त्यांनी काढली. नावांतूनच विचारांची दिशा कळते: आधी नागरिकत्वाचा दावा, मग विटाळावर थेट घाव आणि शेवटी श्रमाचा प्रश्न. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जॉबर असल्याने गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. त्याआधीच, १९०७ मध्ये, पाचपावलीत त्यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले १९२० मध्ये. त्यापूर्वीच्या या धडपडीची दखल मात्र तोकडीच घेतली जाते.