पांढुर्णा हलले की नागपूर?

पांढुर्णा-सौंसरकडच्या पानठेल्यावर भाषेचा विषय निघाला की माहितगारांना तोटा नसतो. पहिले विधान ठरलेले : "१९५६ साली आपल्याला महाराष्ट्रातून तोडून मध्य प्रदेशात टाकले." आवाज मोठा, शंका शून्य. वास्तविक १९५६ साली महाराष्ट्र राज्यच नव्हते. ते १ मे १९६० रोजी झाले. आपण तेव्हाही मध्य प्रदेशातच होतो, फक्त त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. हलले ते नागपूर! आपले गाऱ्हाणे खरेच आहे, पण ते असे मांडले तर समोरचा एका तारखेत निकालात काढतो.

दुसरा वाद बोलीचा. गोटमार तरी वर्षातून एकदा होते, ही बारा महिने चालते. पुण्याकडचा पाहुणा म्हणतो, तुमची मराठी हिंदीने बिघडवली. भोपाळकडचे साहेब म्हणतात, ही हिंदीच आहे. पुरावा दोघांचाही एकच, 'मले' आणि 'तुले'. अहो, हिंदीत 'मुझे', 'तुझे' म्हणतात! ग्रियर्सनने १९०५ साली वऱ्हाडी-नागपुरीची नोंद मराठीच्याच खंडात केली. आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' पुण्यात नव्हे, वऱ्हाडात ऋद्धपूरला लिहिला गेला.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील क्रुगर आणि डनिंग यांनी १९९९ साली विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषयांत व्याकरणही होते, हे विशेष. तळाच्या मुलांचे स्थान शंभरात खालून सरासरी १२वे. त्यांचा स्वतःचा अंदाज ६२वे! चूक ओळखायला जे ज्ञान लागते तेच नसले की माणूस असा निर्धास्त होतो.

एरवी हसून सोडले असते. पण जनगणनेत मातृभाषा आपण सांगू तीच लिहितात. बोली 'बिघडलेली' असे ऐकून ऐकून एखादा 'हिंदी' सांगून मोकळा होतो आणि कागदावर एक मराठी घर कमी होते. १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५० अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. त्याच्या आधारे मराठी शिक्षक मागायला गेलो तर पहिला प्रश्न येतो, बोलणारे किती? २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे, सौंसरही त्यातच. अर्ज द्यायला आता छिंदवाड्याला जावे लागत नाही. अर्जात तारखा तेवढ्या बरोबर लिहा.