खरंच सांगायचं, पण इंग्रजीत

‘मी लिटरली मेले!’ असं सांगणारी मुलगी समोर बसून मिसळ ओरपत असते. इंग्रजीच्या मास्तरांनी कपाळावर हात मारला, तरी शब्दकोश तिच्याच बाजूने आहेत. ‘लिटरली’ म्हणजे शब्दशः. पण नुसता जोर द्यायला तो वापरल्याचं १७६९ मधल्या फ्रान्सिस ब्रुक यांच्या कादंबरीतही सापडतं. मेरियम-वेब्स्टरने हा अर्थ १९०९ साली कोशात घेतला. ऑक्सफर्डच्या २०११ च्या सुधारित नोंदीचा वर्तमानपत्रांना दोन वर्षांनी पत्ता लागला आणि ‘भाषा बुडाली’ म्हणून हलकल्लोळ झाला. बोलताना खुशाल वापरा. नोकरीच्या अर्जात मात्र नको.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत हिरा खरा, गोष्ट खरी आणि सहीही खरीच. इंग्रजीत या तिघांची घरं वेगळी. हिरा ‘रिअल’, घडलेली गोष्ट ‘ट्रू’, सही ‘जेन्युइन’. चित्रपटाच्या जाहिरातीत ‘ट्रू स्टोरी’ असते, म्हणजे हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. ‘द रिअल स्टोरी’ म्हटलं, की आजवर दडवलेलं काहीतरी आता बाहेर येणार, असा वास येतो. आणि बॅग ‘ओरिजिनल’ आहे का, हे आपण दुकानात विचारतो ते चालून जातं. पण कागदपत्रांत ‘ओरिजिनल’ म्हणजे झेरॉक्स नव्हे, मूळ प्रत.

‘आय मेट हिम इन रिअल’ हेही आपलंच. तिथे ‘इन पर्सन’ हवं. पडद्यावरच्या माणसाशी तुलना असेल तर ‘इन रिअल लाइफ’. ‘फॉर रिअल’ म्हणजे ‘थट्टा नाही हं’. मित्रांत ठीक, साहेबांसमोर नको.

सगळ्यात घातक ‘अ‍ॅक्च्युअली’. आपण तो घसा खाकरावा तसा वाक्याआधी वापरतो. इंग्रजाच्या कानाला मात्र त्यात ‘तुम्हाला वाटतं तसं नाही’ असं ऐकू येतं. यजमानीणबाईंना ‘द फूड वॉज अ‍ॅक्च्युअली गुड’ म्हणालात, तर स्वयंपाक बिघडणार असं तुम्ही धरून चालला होतात, एवढंच त्यांना कळेल. तिथे ‘रिअली गुड’ म्हणा.

या ‘रिअली’चाही आता ‘व्हेरी’ होत चालला आहे. ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ अर्थ ‘खरा’. सगळीकडे जोराला लावून लावून त्यातला खरेपणा गेला आणि उरलं नुसतं ‘फार’.

पुढची इ-मेल पाठवण्याआधी तिच्यातले सगळे ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘रिअली’ एकदा खोडून पाहा. ज्या वाक्याचा अर्थ बदलला, तेवढ्यातच ते परत घाला.