फियाट अकराशे : ताकद किती, तग किती

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत आठवणींचा पूर आला. पिवळे टप, आतली प्लॅस्टिकची फुले, स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, सगळ्यांवर लिहिले गेले. पण मी वाचलेल्या लेखांत इंजिनाविषयी एक ओळही नव्हती. मी इंजिनिअर नाही; गॅरेजच्या पायरीवर आणि रद्दीत मिळालेल्या सर्व्हिस मॅन्युअलांवर शिकलो. तरी गेली बरीच वर्षे या एका इंजिनाच्या मागे आहे. माझा प्रश्न साधा आहे : जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या या यंत्राकडून साठ घेता येतील का, आणि घेतल्यावर ते टिकेल का?

या इंजिनाचे घराणे मोठे आहे. १९३७ साली तुरिनच्या फियाट कारखान्यातून ‘५०८ सी’ ही गाडी बाहेर पडली. दान्ते जाकोसा या अभियंत्याचा तिच्यात मोठा वाटा होता. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, १०८९ घनसेंटिमीटर, अॅल्युमिनियमचे हेड, आणि क्रँक पेलायला फक्त तीन मेन बेअरिंगे. ताकद ३२ अश्वशक्ती, ४००० फेऱ्यांना. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात पुढे कित्येक वर्षे बनलेल्या पद्मिनीच्या इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक हेच होते.

आता थोडे गणित. कंटाळू नये, सगळा मामला यातच आहे. ताकद म्हणजे प्रत्येक फेरीतला जोर गुणिले मिनिटाच्या फेऱ्या. म्हणून हौशी माणसाला वाटते, इंजिन जास्त फिरवले की झाले. पण पिस्टन दर फेरीत दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. पिन आणि रिंगांसह त्याचे वजन ४०० ग्रॅम धरले, तर ४००० फेऱ्यांना वरच्या टोकाशी तो कनेक्टिंग रॉडला सुमारे ३३० किलोच्या वजनाइतकी ओढ देतो. ६००० फेऱ्यांना हीच ओढ ७५० किलोपर्यंत जाते. फेऱ्या दीडपट, ओढ सव्वादोनपट. ती रॉडच्या दोन बोल्टांवर आणि बेअरिंगच्या पातळ वाट्यांवर येते, मिनिटाला सहा हजार वेळा. त्यात तीनच मेन बेअरिंगे असल्यामुळे प्रत्येक दोन सिलिंडरांमागे क्रँकला मधे आधार नाही. वेग वाढला की तो धनुष्यासारखा वाकू पाहतो.

हे ज्यांना उमगले होते त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अल्फा रोमिओ सोडल्यावर एन्झो फेरारी यांना चार वर्षे स्वतःचे नाव शर्यतीच्या गाडीला देण्याची मनाई होती. १९४० च्या मिले मिल्या शर्यतीसाठी त्यांनी ‘८१५’ नावाची गाडी केली. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर याच फियाट अकराशेची दोन हेडे एकापुढे एक बसवली होती. ब्लॉक आणि क्रँक मात्र नवे. बोअर ६३ आणि स्ट्रोक फक्त ६०. ५५०० फेऱ्यांना ७५ च्या स्ट्रोकमध्ये पिस्टनची सरासरी गती सेकंदाला पावणेचौदा मीटर होते. ६० मध्ये ती अकरावर राहते. एवढी काळजी घेऊनही दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. घाईत केलेले काम होते ते.

मला स्वतःला जास्त शिकवले ते १९४६ च्या चिसितालिया ‘डी ४६’ ने. पिएरो दुझियो या उद्योगपतीसाठी जाकोसांनीच ही छोटी रेसिंग गाडी आखली. इंजिन तेच १०८९ चे, ताकद साठच्या घरात, ५५०० फेऱ्यांच्या आसपास. तुरिनच्या पहिल्याच शर्यतीत दुझियो स्वतः जिंकले, आणि नुवोलारींच्या हातात स्टिअरिंग चाक निखळून आले. (इंजिन बरे, चाक वाईट!) पद्मिनीच्या ४८०० फेऱ्यांना चाळीसशी ताडून पाहिले, तर फेऱ्या जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढलेल्या दिसतात; प्रत्येक फेरीतला जोर मात्र तीस टक्क्यांनी. म्हणजे वाढ आली ती श्वासातून आणि दाबातून : जास्त कॉम्प्रेशन, जास्त हवा. शिवाय जाकोसांनी ऑइलची व्यवस्थाच बदलली. एरवी ऑइल खालच्या चेंबरमध्ये असते. वळणावर ते एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग दोन-चार सेकंद कोरडे पडते. या गाडीत ऑइल वेगळ्या टाकीत ठेवले होते.

हे सगळे मी वाचले, पण उशिरा. त्याआधी वडिलांच्या १९७९ च्या पद्मिनीवर मी माझी अक्कल चालवली होती. हेडला फेस मारून कॉम्प्रेशन वाढवले, जुन्या बाजारातला मोठा कार्ब्युरेटर चढवला, सायलेन्सर मोकळा केला. गाडी खरोखरच पळाली. तिसऱ्या फेरीला बोरघाट चढताना खालून ठोक ऐकू आला. इंजिन उघडले तेव्हा दोन नंबरच्या रॉडचे बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेले होते. लेथवाल्याचा दोष नव्हता. घाटात इंजिनावर भार पूर्ण, वाऱ्याचा झोत कमी, ऑइल तापून पातळ झालेले आणि पंप एक लाख किलोमीटर झिजलेला. वरून जोर वाढवला, खालचे सगळे जुनेच ठेवले होते.

दुसऱ्या वेळी उलट्या टोकाने सुरुवात केली. क्रँकला तडा नाही ना ते तपासून घेतले, मग ग्राइंड केला. ऑइल पंप नवा, रॉडचे बोल्ट नवे, रेडिएटर उकलून साफ. मग पिस्टन आणि रॉड घेऊन ओळखीच्या सराफाकडे गेलो आणि त्याच्या काट्यावर तोलले. सर्वांत हलक्या-जड जोडीत ११ ग्रॅमचा फरक निघाला. सोन्यात मोठाच, इंजिनात ६००० फेऱ्यांना तो वीस किलोंचा धक्का होतो. आठवडाभर घासून चारही जोड्या एका वजनाला आणल्या. हेड आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. भर चढावर इंजिन खडखडू लागले, तेव्हा टायमिंग थोडे मागे घेतले. थोडी ताकद गेली, पिस्टन वाचले.

बोअर ७२ कर, असा सल्ला मला अनेकांनी दिला. इटलीत फियाटने स्वतःच तसे करून १२२१ चे इंजिन काढले होते, तेव्हा सल्ला निराधार नाही. पण आपल्याकडचे ब्लॉक आधीच दोन-तीनदा रीबोअर झालेले असतात. भिंत पातळ झाली की ती तापून वेडीवाकडी होते, रिंग नीट बसत नाही आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. ते मी टाळले.

अश्वशक्ती मोजण्याची सोय माझ्याकडे नाही. साठ झाली असे मी म्हणणार नाही, पन्नासच्या जवळ असावी. आधी जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत संपायचा, तो आता तिसऱ्यात निघतो. फेऱ्यांचा काटा बसवून घेतला आहे. पाच हजारांच्या वर पाय दाबत नाही. तीस हजार किलोमीटरनंतर गेल्या उन्हाळ्यात चेंबर खोलून पाहिले, बेअरिंगच्या वाट्या राखाडी, गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

ब्लॉकमध्ये आता एकच रीबोअर शिल्लक आहे. त्या मापाचे पिस्टन एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर सापडले. चार हवे होते, तीन मिळाले. चौथा शोधतो आहे.