सातव्या शर्यतीतला आकडा

अमेरिकन गुंडांचा इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर शिकागो येतं. अल कपोन, टॉमीगन, लांब कोट, काळ्या मोटारी. सिनेमानं हे सगळं इतकं पाठ करून दिलंय की नव्यानं सांगण्यासारखं त्यात फारसं उरलेलं नाही. मला मात्र या जगातल्या एका बेरजेचं कुतूहल जास्त वाटतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1920 च्या दशकात ती सुरू झाली. लाखो माणसं तिच्यावर रोज पैसे लावत. आणि तिचा शेवटचा अंक बदलता येणारा एक माणूस पुढे खरोखरच निघाला.

बेकायदा लॉटरी चालवायची तर पोलिसांना एक वेळ पाकीट देऊन गप्प करता येतं. गिऱ्हाईकाचं काय? आकडा आतल्या खोलीत कुणीतरी काढतो आणि बाहेर येऊन सांगतो, यावर त्यानं का विश्वास ठेवावा? न्यूयॉर्कमध्ये ‘पॉलिसी’ नावाचा आकड्यांचा जुगार एकोणिसाव्या शतकापासून होता आणि त्यातली लबाडी सगळ्यांना ठाऊक होती. अल अ‍ॅडम्स हा त्या धंद्यातला बडा माणूस. जास्त पैसे लागलेला आकडा त्याच्याकडे सहसा येतच नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तुरुंगात गेला आणि पॉलिसीची उरलीसुरली पतही गेली.

मग कॅस्पर होल्स्टीन आला. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका दुकानात हमाली, झाडलोट अशी कामं करायचा. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. हार्लेममध्ये सांगत ती गोष्ट अशी: होल्स्टीनला वर्तमानपत्रातलं बाजाराचं पान वाचायचा नाद होता. त्या पानावर न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउसचे रोजचे आकडे छापून येत. शहरातल्या बँका एकमेकींचे धनादेश तिथे वटवत, आणि एकूण उलाढाल किती आणि शिल्लक किती, हे कोट्यवधी डॉलरांच्या दोन रकमांत जाहीर होई. या रकमांतल्या मधल्या अंकांना कसलाही क्रम नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ठरलेल्या जागांवरचे तीन अंक उचलले की रोज 000 ते 999 मधला एक आकडा आपोआप तयार. कल्पना नेमकी कुणाची यावर वाद आहेत, पण श्रेय बहुतेकदा होल्स्टीनलाच दिलं जातं.

यातली गंमत बघा. वॉल स्ट्रीटच्या एका प्रतिष्ठित संस्थेनं हार्लेमच्या बेकायदा जुगाराची सोडत काढायची, तीही फुकट, रोज, आणि नकळत. बुकीला लबाडी करायची म्हटली तरी करता येत नव्हती, कारण आकडा संध्याकाळच्या पेपरात छापलेला असे आणि गिऱ्हाईक तो स्वतः वाचू शकत असे. ज्या धंद्याला कायदा नाही, करार नाही, कोर्टात दाद मागायची सोय नाही, त्या धंद्यानं प्रामाणिकपणा बाहेरून उसना आणला होता.

मुंबईच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडचा मटकाही न्यूयॉर्कच्याच आकड्यांवर उभा राहिला. तिथल्या कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडणारे आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यावर इथे पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. 1961 च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या आणि मग पत्ते आले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री हे मटकेवाले त्या पुढच्या काळातले. हार्लेमचं अनुकरण करून मुंबईनं हे सुरू केलं असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकच युक्ती सुचली, आणि दोघांनी एकाच शहराच्या बाजाराकडे बोट दाखवलं.

हार्लेमचा हिशेब सोपा होता. हजार आकड्यांतला एक लागणार. लागला तर एका सेंटचे साधारण 600 सेंट, म्हणजे सहा डॉलर. हजार डॉलर जमले की सरासरी 600 वाटायचे आणि 400 हातात राहायचे. त्यातूनच दारोदार फिरून चिठ्ठ्या गोळा करणाऱ्या रनरचं कमिशन, त्याच्यावरच्या माणसाचा वाटा, वकील, जामीन आणि पोलीस. तरीही उरायचं ते भरपूर. एक सेंटही चालत असल्यामुळे मोलकरणीपासून पाद्र्यापर्यंत सगळे खेळत. कुठल्या स्वप्नाला कुठला आकडा हे सांगणारी पुस्तकं विकली जात; ‘आंट सॅली’ नावाचं असं एक पुस्तक 1889 पासूनचं आहे. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्राचा क्रमांक, रस्त्यात दिसलेल्या गाडीची नंबरप्लेट, मेलेल्या आजीचा घरक्रमांक, काहीही चाले.

बुकीला तिकडे बँकर म्हणत, आणि एका अर्थी तो होताही. गोऱ्यांच्या बँका हार्लेमच्या माणसाला कर्ज देत नसत. आकड्यांचे बँकर देत. होल्स्टीननं ‘ऑपॉर्च्युनिटी’ मासिकाच्या साहित्यस्पर्धेच्या बक्षिसांसाठी पैसे दिले. हार्लेम रेनेसाँ म्हणून ज्या साहित्यचळवळीचा आज अभ्यास होतो, तिच्या तरुण लेखकांना मिळालेल्या बक्षिसांतली काही रक्कम अशी जुगारातून आली. अलेक्स पोंपेझ हा दुसरा बँकर कृष्णवर्णीय आणि क्यूबन खेळाडूंचा बेसबॉल संघ चालवायचा. 2006 मध्ये अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

आणि स्टेफनी सेंट क्लेअर. फ्रेंच कॅरिबियनमधून आलेली, फर्डी, तिखट जिभेची. हार्लेम तिला मादाम क्वीन म्हणे. हप्ता घेऊनही पोलीस त्रास देतात म्हणून ही बाई गप्प बसली नाही; तिनं हार्लेमच्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिराती दिल्या आणि त्यात पोलिसांच्या लाचखोरीचे वाभाडे काढले. 1929 च्या शेवटी तिला अटक झाली, आठ महिने तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर ती शहरातल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या सीबरी समितीपुढे गेली आणि कोणाला किती दिले ते शपथेवर सांगून मोकळी झाली. स्वतःचा बेकायदा धंदा मान्य करून पोलिसांची तक्रार करायची, याला छाती लागते.

इथवर या गोष्टीत पिस्तूल जवळजवळ नाही. ते यायला दोन कारणं घडली.

पहिलं कारण, 1931 सालच्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसाचा बुधवार. त्या दिवशी हार्लेममधल्या असंख्य लोकांनी 527 हा आकडा लावला होता, आणि नेमका तोच आला. पैसे देता देता अनेक बँकर दिवाळखोर झाले. दुसरं कारण दारूबंदी. 1920 पासून चोरट्या बिअरवर गबर झालेल्या टोळ्यांना हे सुखाचे दिवस संपत आलेत हे दिसू लागलं होतं. ब्राँक्सचा बिअरसम्राट डच शुल्ट्झ, मूळ नाव आर्थर फ्लेगेनहायमर, यानं अडचणीतल्या बँकरांना पैसे देऊ केले आणि सोबत आपली माणसं आणि बंदुका पाठवल्या. काही महिन्यांत मालक नोकर झाले. पोंपेझसारखे त्याच्या हाताखाली कामाला लागले. डेमोक्रॅटिक पक्षाचा पुढारी जिमी हाइन्स दर आठवड्याला पाकीट घेऊन पोलीस आणि न्यायाधीशांना सांभाळू लागला. एकटी सेंट क्लेअर झुकली नाही.

हार्लेमच्या चाळीचाळीतला सुटा सुटा धंदा इथे ‘संघटित’ झाला. एकदा खर्च वाढला म्हणून शुल्ट्झनं रनरांचं कमिशन कापलं, तर त्यांनी चक्क संप केला. चिठ्ठ्या येणं बंद झालं. ज्याच्या नावानं शहर कापायचं त्या शुल्ट्झला माघार घ्यावी लागली.

दरम्यान आकड्याचा झराच बदलला होता. आपल्या रकमांचा काय उपयोग होतोय हे कळल्यावर क्लिअरिंग हाउसनं नेमके आकडे छापणं थांबवलं. नवा आकडा हवा होता, तोही जाहीर आणि कुणाच्या हाती नसलेला. बँकर घोड्यांच्या शर्यतींकडे वळले. महालक्ष्मीला जाणारे ज्याला टोट म्हणतात तीच पद्धत: सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात, रेसकोर्स आपला हिस्सा काढून घेतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. पहिल्या तीन शर्यतींत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आलेल्या घोड्यांवर मिळालेल्या रकमांची बेरीज करायची, समजा 84.20 डॉलर आली, तर दशांशचिन्हाच्या लगेच डावीकडचा 4 हा पहिला अंक. पाच शर्यतींपर्यंतच्या बेरजेतून तसाच दुसरा. सात शर्यतींच्या बेरजेतून तिसरा. हजारो अनोळखी माणसांच्या पैजांतून तयार होणारी ही बेरीज कोण बदलणार?

ऑटो बर्मन बदलू शकत होता. जाडजूड, अघळपघळ, रेसकोर्सवरच आयुष्य घालवलेला हा माणूस ‘अब्बाडब्बा’ या टोपणनावानं ओळखला जाई. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शुल्ट्झ त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर देत असे असं सांगतात.

त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. सहाव्या शर्यतीपर्यंत पहिले दोन अंक ठरलेले असत, समजा 3 आणि 8. म्हणजे आता 380 ते 389 असे दहाच आकडे शक्य. बर्मन रेसकोर्सवरून न्यूयॉर्कला फोन लावायचा. कार्यालयात चिठ्ठ्यांची मोजणी झालेली असे. कळायचं, की 384 वर लोकांनी उड्या टाकल्यात. म्हणजे शेवटी 4 येता कामा नये. कुठला घोडा जिंकणार हे बर्मनच्या हाती नव्हतं आणि त्याला त्याची गरजही नव्हती. टोटमध्ये एखाद्या घोड्यावर जास्त पैसे पडले की त्याचा भाव घसरतो आणि बाकीच्यांचा चढतो. सातवी शर्यत सुटायच्या आधीच्या काही मिनिटांत, खिडकीवरचे भाव बघत, कोणत्या घोड्यावर किती टाकले म्हणजे बेरजेचा शेवटचा अंक 4 वरून हटेल, हे तो मनातल्या मनात काढायचा. घोडे वेगवेगळ्या क्रमानं आले तर काय, तेही त्यात धरायचं. कागद नाही, यंत्र नाही. लहान रेसकोर्सवर जमा होणारी रक्कमच कमी, त्यामुळे थोडक्या पैशांत भाव हलायचे. सिनसिनाटीजवळचं कोनी आयलंड हे अशांपैकी एक. शुल्ट्झचा वकील डिक्सी डेव्हिस यानं पुढे हे सगळं उघड केलं.

मला स्वतःला इथे बर्मनबद्दल कौतुक आणि चीड एकाच वेळी वाटते. असं डोकं एखाद्या विमा कंपनीत असतं तर आज पाठ्यपुस्तकात भेटलं असतं. आणि फसवलं कुणाला, तर एकेक सेंट लावणाऱ्या धुणंभांडीवाल्या बायकांना.

बाकीचं झटपट घडलं. सरकारी वकील टॉमस ड्यूई मागे लागला, तेव्हा शुल्ट्झनं त्याचा खून करायचं ठरवलं. इतर टोळ्यांच्या म्होरक्यांना ते परवडणारं नव्हतं. 23 ऑक्टोबर 1935 च्या रात्री न्यूअर्कमधल्या पॅलेस चॉप हाउसमध्ये त्यांच्या मारेकऱ्यांनी शुल्ट्झ, त्याचे दोन साथीदार आणि बर्मन यांना गोळ्या घातल्या. टेबलाजवळ हिशेबाच्या कागदी पट्ट्या सापडल्या. शुल्ट्झ दुसऱ्या दिवशी गेला. तो रुग्णालयात शेवटच्या घटका मोजत असताना सेंट क्लेअरची तार आली: पेराल तसं उगवतं, या अर्थाची.

हार्लेमचा खेळ मात्र सुरू राहिला, आणि अखेर सरकारच त्यात उतरलं. न्यू जर्सीनं 1975 मध्ये तीन अंकी रोजची सोडत आणली, न्यूयॉर्कनं 1980 मध्ये. त्याच वर्षी 24 एप्रिलला पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी सोडतीत टीव्हीवर सगळ्यांसमोर 666 आला. पुढे उघड झालं, की 4 आणि 6 सोडून बाकीच्या चेंडूंत पांढरा रंग टोचून ते जड केले होते. सोडतीचा निवेदक निक पेरी तुरुंगात गेला. तोवर बेकायदा बुकीही सरकारचाच आकडा वापरू लागले होते, त्यामुळे या लबाडीत त्यांचेही हात पोळले.

न्यूयॉर्कच्या सरकारी खेळात एका डॉलरवर नेमका आकडा लागला की 500 डॉलर मिळतात. हार्लेमचा बँकर 600 द्यायचा. रिवाजाप्रमाणे रनरला त्यातले दहा टक्के दिले, तरी जिंकणाऱ्याच्या हातात 540 उरत.