शेवटच्या पानावरची रेषा

चित्रकलेच्या वह्या तपासताना मी आताशा वही मागून उघडतो. पुढच्या पानांवर एलिमेंटरीच्या तयारीची स्मरणचित्रं असतात: पोळा, बसस्टँड, कानबाईची मिरवणूक. माणसं ताठ आणि बैल त्याहून ताठ. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिल मोकळी सुटलेली असते. तिथे नारुतो धावतो, लुफी बत्तीशी दाखवून हसतो, तांजिरोच्या तलवारीतून पाण्याच्या लाटा उसळतात. पोर तेच, हातही तोच. पुढच्या पानावर काठावर पास आणि मागच्या पानावर मास्तरालाही हेवा वाटावा अशी मनगटाची फेक.

जळगावात मी बरीच वर्षं चित्रकला शिकवतो आहे. सुरुवातीला ही मागची पानं मी लाल पेनाने खोडत असे. आता मीच विचारतो, ‘‘यातली कुणाची आर्ट आवडते रे तुला?’’ आणि तास बुडतो. जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, वाचणाऱ्या पोरांची याबाबतची मतं क्रिकेटवेड्यांहून कडक असतात. एकाला स्वच्छ, मोजकी रेघ हवी. दुसऱ्याला केंतारो मिउराच्या ‘बर्सर्क’मधला काळाकुट्ट, रेघारेघांनी खचाखच भरलेला अंधार हवा. मागच्या बाकावरच्या एका शांत मुलीला जुंजी इतो आवडतो. त्याच्या ‘उझुमाकी’त एक अख्खं गाव चक्राकार नक्षीने झपाटलं जातं. हा इतो आधी दंततंत्रज्ञ होता, कवळ्या घडवणारा. त्याची रेघ पाहिली की ते पटतं.

मोठ्यांची तक्रार मात्र एकच, डोळ्यांची. माझी आई धुळ्याची. नातीच्या हातातलं पुस्तक पाहून ती म्हणाली, ‘‘इतला मोठा डोया! हाई पोर शे का घुबड?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ओसामू तेझुका या माणसापाशी जातं. १९२८चा जन्म, शिक्षणाने डॉक्टर. तो वाढला ताकाराझुका गावात, जिथे सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात अशी प्रसिद्ध संगीत नाटक मंडळी आहे. रंगमंचावरच्या प्रकाशात चमकणारे ते रंगवलेले डोळे आणि डिस्नेचे कार्टूनपट, दोन्ही त्याच्या हातात उतरले. १९५२ साली त्याचा ‘अॅस्ट्रो बॉय’ आला आणि मोठे डोळे रूढ झाले. पुढे मुलींच्या मासिकांनी त्या डोळ्यांत चांदण्या पेरल्या. रियोको इकेदाची १९७२ मध्ये सुरू झालेली ‘व्हर्सायचा गुलाब’ पाहा, एकेका बुबुळात अर्धं आकाश आहे.

पण तेझुकाला विरोधही जपानातूनच झाला. योशिहिरो तात्सुमीने १९५७ मध्ये आपल्या चित्रकथांना ‘गेकिगा’ असं वेगळं नाव दिलं. त्या प्रौढांसाठी होत्या, माणसं नाकीडोळी माणसांसारखी, गल्ल्या कळकट. म्हणून ‘मला मंगाची स्टाईल आवडत नाही’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठली? शेवभाजी तिखट लागली म्हणून कुणी अख्ख्या मराठी स्वयंपाकाला नावं ठेवत नाही.

आवडनिवड बाजूला ठेवून या चित्रांच्या घडणीकडे जरा पाहायला हवं. साप्ताहिकात चालणारी मालिका म्हणजे आठवड्याला वीसेक पानं. ती छापायची स्वस्त कागदावर आणि बहुतेक एकाच काळ्या शाईत. रंगाची मदत नाही. मग चित्रकार बोरूसारखी लवचिक निब धरतो. तिला जी-पेन म्हणतात. दाब दिला की रेघ जाड, सोडला की केसासारखी बारीक. राखाडी छटेसाठी ठिपक्यांचा तयार चिकट कागद कापून लावायचा. मदतनीस पार्श्वभूमी काढतात, मुख्य चित्रकार चेहरे. हे गणित कळलं की शैली म्हणजे नुसती लहर नाही, ती बरीचशी वेळेची काटकसर आहे हेही कळतं. चेहऱ्यावर नाकाच्या जागी एक टिंब का असतं? रविवारपर्यंत वीस पानं द्यायची असतात म्हणूनसुद्धा!

वर्गात सगळ्यात मोठं भांडण झालं ते ‘वन पंच मॅन’वरून. ‘वन’ हे टोपणनाव घेतलेल्या एका लेखकाने २००९ मध्ये ही गोष्ट स्वतःच काढून इंटरनेटवर टाकली. चित्रं इतकी ओबडधोबड की माझ्या सातवीच्या वर्गात त्याला ‘क’ श्रेणी मिळाली असती. वाचक तरीही तुटून पडले. मग युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने २०१२पासून तीच गोष्ट नव्याने काढायला घेतली, आणि तिचं सोनं केलं. गोष्ट एक, हात दोन. मी दोन्ही पानं फळ्याला चिकटवली आणि हात वर करायला सांगितलं. मुराता प्रचंड मतांनी निवडून आला. ‘वन’च्या बाजूने फक्त तीन हात, त्यात एक माझा. मुराताचा हात थोर आहे, वादच नाही. पण ‘वन’चा तो अंड्यासारख्या डोक्याचा, कंटाळलेला नायक पाहून जे हसू येतं, ते मुराताच्या पिळदार स्नायूंत थोडं हरवतं. माझं हे मत वर्गाने फेटाळलं आहे.

चित्राच्या आवडीवरून होणारं हे भांडण फार जुनं आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात त्याची चक्क वाटणी करून ठेवली आहे: आचार्य रेषेला दाद देतात, जाणकार छायाप्रकाशाला, स्त्रियांना दागिने भावतात आणि बाकीच्या लोकांना रंगांची रेलचेल. दागिन्यांच्या मुद्द्यावर आमच्या मुलींनी रीतसर हरकत नोंदवली. ‘उझुमाकी’ आवडणारी त्यांच्यातलीच आहे, तेव्हा हरकत मंजूर. त्याच ग्रंथात डोळ्यांचे पाच आकार सांगितले आहेत: धनुष्यासारखे, माशाच्या पोटासारखे, निळ्या कमळाच्या पाकळीसारखे, पद्मपत्रासारखे आणि सशासारखे. आई, ऐकलंस? मोठे डोळे काही जपान्यांनी शोधले नाहीत.

ते बघायला आम्हाला जपानला जावंही लागत नाही. जळगावहून पहूर, फर्दापूर, की आलं अजिंठा, साठेक किलोमीटर. कागदोपत्री लेणी पलीकडच्या जिल्ह्यात मोडतात, पण ज्या वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर ती कोरली आहेत, तिच्याच धरणाचं पाणी जळगावच्या नळाला येतं. दरवर्षी मी एक बॅच तिकडे नेतो. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची भिंत आहे, पाचव्या शतकातली. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो, राजवाड्यात, रथात, अरण्यात. चौकटी नाहीत. दोन प्रसंगांमध्ये कुठे खांब येतो, कुठे दरवाजा. ‘‘सर, इथून वाचायचं का तिथून?’’ एका पोराने विचारलं. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची सवय असलेल्यालाच हा प्रश्न पडू शकतो. आजवर एकाही पर्यटकाच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही.

आणखी एक गंमत. तेझुकाने १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ नावाची दीर्घ मंगा काढली. त्यात माणसं गोलमटोल, चार रेघांची, पण डोंगर आणि रानं बारकाव्यांनी भरलेली. अजिंठ्यात नेमकं उलटं आहे. माणसाच्या बोटाचं पेर न् पेर बोलतं आणि डोंगर म्हणजे एकावर एक ठेवलेली खोकी. लक्ष कुठे द्यायचं आणि कुठे हात आखडायचा, हे प्रत्येक शैली आपापलं ठरवते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांचं नशीब मात्र विचित्र. मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं इथे राहून तैलरंगात नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल भुसावळात पुरला आहे. जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मग जपानी आले. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आलेल्या अराई काम्पोने सावामुरा सेन्तारोसोबत १९१७-१८च्या सुमारास अजिंठ्यात बसून नकला उतरवल्या. त्या तोक्योला पोचल्या आणि १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत खाक झाल्या. काम्पो पुढे जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांची नक्कल करणाऱ्यांत होता. अजिंठ्याशी त्या चित्रांचं साम्य जाणकार नेहमी सांगतात. ते काम चालू असतानाच १९४५ मध्ये तो वारला, आणि १९४९ मध्ये ती मूळ चित्रंही आगीत होरपळली.

माझी स्वतःची आवड विचाराल तर ताकेहिको इनोउए. ‘स्लॅम डंक’ पेनाने काढणाऱ्या या माणसाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘वागाबाँड’मध्ये पुढे कुंचला हाती धरला. सामुरायाच्या तलवारीचा वार आणि कुंचल्याचा फटकारा तिथे एकच होतो. मला हे आवडतं, त्यामागे माझं बालपण आहे. धुळ्याच्या गरुड वाचनालयात दिवाळी अंक हाती आला की मी आधी चित्रं बघायचो. शि. द. फडणीसांची एकसारख्या जाडीची, एक शब्दही न बोलता हसवणारी रेघ, वसंत सरवट्यांची बुद्धिमान रेघ. फडणीसांची चित्रं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातही होती, त्यामुळे गणित येत नसलं तरी पुस्तक उघडलं जाई. काळ्या रेघेवर पोसलेल्या डोळ्याला जपान परका वाटत नाही. रंगीत मोबाईलवर वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मुराता आवडतो, यातही नवल नाही.

तुमच्या घरातल्या वहीचं शेवटचं पान एकदा उघडून बघा, आणि रागावण्याआधी विचारा, यातली आर्ट कुणाची. मग दिवाळीच्या सुटीत त्या पोराला अजिंठ्याला न्या. सतरा नंबरला घाई करू नका. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.